मी-पुराण

रात्रीच्या एस.टी.त शेजारी बसलेला माणूस आपल्या आयुष्याची सगळी हकिगत सांगतो आणि आपण ती ऐकतो, याला एकच कारण असतं. त्याचं गाव येणार असतं. भावाने जमीन कशी लाटली ते दोन तास ऐकून घ्यायचं, मधूनमधून ‘अरेरे’ म्हणायचं, आणि थांबा आला की वरच्या फळीवरची त्याची पिशवी काढून द्यायची. कादंबरीतल्या ‘मी’चं मात्र गावच येत नाही. तो पहिल्या पानावर आपल्या शेजारी येऊन बसतो, खिडकीची जागा बळकावतो, आणि ‘मी किती वाईट आहे’ हे चारशे-साडेचारशे पानं सांगत राहतो. बरं, मध्येच उतरून जावं म्हटलं तर वाचनालयाची वर्गणी भरलेली असते.

मला अशा पुस्तकांचा नाद आहे. कुणाला पानाचा असतो, कुणाला नाट्यसंगीताचा. मला ‘मी’चा. हा ‘मी’ सहसा तिशी-चाळिशीतला असतो. त्याला कामधंदा नसतो, किंवा असला तर तो दुसरंच कुणीतरी सांभाळत असतं. प्रकृतीची तक्रार असते, पण रोगाचं नाव डॉक्टरला सापडत नाही. जे त्याच्यावर जीव टाकतात त्यांच्यावर तो खेकसतो आणि जे ढुंकून बघत नाहीत त्यांच्या दाराशी घुटमळतो. कुणी अपमान केला तर तो परतवीत नाही. घरी आणून जपून ठेवतो, मुरांब्यासारखा. आणि हे सगळं त्याला स्वतःला ठाऊक असतं. हीच तर खरी पंचाईत. तो आपल्याला नावं ठेवायला वावच ठेवीत नाही. आपण ‘काय माणूस आहे हा!’ म्हणायला तोंड उघडावं, तर पुढच्याच ओळीत तो ते स्वतःच म्हणून मोकळा झालेला असतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहतात. मी वाचनालयातून आणलेलं पुस्तक आधी त्यांच्या हातात जातं. ते चष्मा कपाळावर सरकवतात, मधलंच पान उघडतात, दहा ओळी वाचतात आणि विचारतात, “यातून घेण्यासारखं काय?”

प्रश्न जुन्या वळणाचा आहे म्हणून आजकाल त्याला हसायची पद्धत आहे. मला तो हसण्यासारखा वाटत नाही. माणूस आठ दिवस एका घाणेरड्या स्वभावाच्या गृहस्थाशी मुक्काम करणार असेल, तर त्याच्या हाती काय लागणार, हे विचारायचा त्याला हक्क आहे. टीकाकार या प्रश्नाला बगल देतात. ते ‘प्रामाणिक आत्मशोध’ म्हणतात आणि दुसऱ्या पुस्तकाकडे वळतात. प्रामाणिक तर ठीक, पण प्रामाणिकपणे कंटाळवाणी असलेली माणसं आपल्या नात्यात काय कमी आहेत?

मराठी वाचकाला कबुलीजबाब नवा नाही. आपल्या संतांनी ‘मी पतित, मी अपराधी’ म्हणून पूर्वीच सांगून टाकलं आहे. पण त्यांचं सगळं चार-सहा चरणांत उरकायचं, आणि ऐकणारा विठ्ठल असायचा. त्याच्यापाशी तक्रार करून माणूस पुन्हा आपल्या कामाला लागायचा. पुढे साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. तेही एका अर्थाने कबुल्यांचंच पुस्तक. श्याम बेचाळीस रात्री आपल्या चुका सांगतो. मुक्या कळ्या तोडल्या, पोहायला जायला भ्यालो, अमुक केलं, तमुक केलं. पण पुस्तकाचं नाव पाहा. ते ‘मी श्याम’ नाही. चूक श्यामची, आणि पुस्तक आईचं! ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

आता परदेशातल्या ‘मी’कडे वळू. या घराण्याचे एक थोर कुलपुरुष रशियात सापडतात. दोस्तोयेव्स्कीने १८६४ साली एक छोटं पुस्तक लिहिलं. मराठीत त्याला ‘तळघरातल्या माणसाचं टिपण’ म्हणता येईल. पीटर्सबर्गमधला हा चाळीस वर्षांचा माजी कारकून. थोडे वारशाचे पैसे मिळताच नोकरी सोडून घरात बसला आहे. त्याचं यकृत दुखतं, आणि डॉक्टरची जिरवायची म्हणून तो औषध घेत नाही. आपल्याकडे रुसलेली मुलं उपाशी झोपतात, त्यातला प्रकार.

या गृहस्थाची एक हकिगत अशी. एका खाणावळीत बिलियर्डच्या टेबलापाशी हा वाट अडवून उभा असतो. एक धिप्पाड लष्करी अधिकारी येतो, याला खांद्याला धरून टेबल-खुर्ची सरकवावी तसा बाजूला सरकवतो, आणि एक शब्द न बोलता निघून जातो. मारलं असतं तरी याला चाललं असतं. सरकवलं! हा ते वर्षानुवर्षं मनात घोळवीत बसतो. आव्हानाचं पत्र लिहितो, पाठवीत नाही. शेवटी बेत ठरतो, की नेव्हस्की रस्त्यावर तो अधिकारी समोरून आला की आपण बाजूला व्हायचं नाही. खांद्याला खांदा भिडवायचा. पण बरोबरीच्या नात्याने धक्का द्यायचा तर कपडे बरोबरीचे नकोत? मग काळे हातमोजे येतात. चांगला सदरा येतो. कोटाची कॉलर हलक्या फरची आहे ती काढून चांगल्या फरची लावायची, आणि त्यासाठी पैसे हवेत, म्हणून हा आपल्या साहेबाकडे उसने मागतो आणि त्या लाजेने त्याला रात्र रात्र झोप येत नाही. एवढ्या तयारीनंतरही आयत्या वेळी तो दरवेळी बाजूला होतोच. शेवटी एकदा डोळे मिटून धडक बसते. अधिकारी मागे वळूनसुद्धा बघत नाही. आणि आमचा वीर हर्षभरित होऊन घरी येतो. त्याची खात्री असते, की त्याला लागलं, पण त्याने दाखवलं नाही!

हे वाचून ज्याला हसू येत नाही त्याने लक्ष्मी रोडवर कधी खरेदी केलेली नाही. आणि ज्याला हसता हसता थोडं चोरट्यासारखं होत नाही त्याने ऑफिसात कधी नोकरी केलेली नाही. साहेबाने सगळ्यांदेखत सुनावल्यावर काय उत्तर द्यायला हवं होतं, हे रात्री अकरा वाजता अंथरुणात सुचतं. मग ते सुधारून, घोटून दुसऱ्या दिवशी पाठ केलं जातं. साहेब रजेवर असतो. या ‘मी’ लोकांची पुस्तकं आपण खाली ठेवत नाही ती यासाठी. आपल्या मनातल्या अडगळीच्या खोलीत, जिथे पाहुण्यांना नेत नाहीत, तिथे हा माणूस कंदील घेऊन हिंडतो.

पण हेडमास्तर एवढ्यावर ऐकणारे नाहीत. ते म्हणतात, “अडगळ दाखवली, छान केलं. आवरली का?”

इथे मुद्दा येतो. स्वतःचे दोष सांगणं आणि स्वतःचे दोष दिसणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक कुटुंबात एक काका असतात, जे नव्या सुनेला पहिल्याच दिवशी सांगतात, “मी फार रागीट आहे हं.” ही कबुली वाटते, पण ती असते नोटीस. यापुढे मी ताट भिरकावलं तर तुला आधी कल्पना दिलेली होती! ‘मी आपला स्पष्टवक्ता’, ‘मला बुवा गोड बोलता येत नाही’, ‘माझा स्वभावच तसा’ ही सगळी वाक्यं दोषांच्या पाकिटात घालून पाठवलेली प्रशस्तिपत्रकं आहेत. कादंबरीतला ‘मी’ हेच करतो, फक्त भाषा चांगली वापरतो. मी वाईट आहे, पण बघा, ते सांगण्याचं धैर्य माझ्यात आहे, तुमच्यात आहे? चारशे पानं तो गुन्हा कबूल करतो आणि शेवटी आरोपीच्या पिंजऱ्यातून उतरून न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो.

आपल्या कायद्याला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात तसं होतं आणि २०२४ साली अमलात आलेल्या नव्या कायद्यातही आहे. त्याची कारणं निराळी, पण शहाणपण वाचकाने उसनं घेण्यासारखं आहे. नुसत्या कबुलीवर निकाल देऊ नये. दुसरा पुरावा मागावा. आणि कादंबरीत दुसरा पुरावा म्हणजे दुसरी माणसं.

तळघरातल्या माणसाकडे शेवटी एक मुलगी येते. लिझा. वेश्यावस्तीतली. एका रात्री याने तिच्यापुढे घर, संसार, अब्रू यांवर असं काही प्रवचन झोडलेलं असतं की तिला रडू कोसळतं. वर ऐटीत आपला पत्ता देतो. आणि ती खरंच येते! हा फाटक्या झग्यात, नोकराशी भांडताना सापडतो. लाजेने वेडापिसा होऊन तो तिच्यासाठी चहा मागवतो. चहा येतो. पण हा मुद्दाम कपाला हात लावीत नाही, म्हणजे तिलाही लावता येऊ नये! मग तिच्यावर तुटून पडतो. जग बुडालं तरी बेहत्तर, पण मला माझा चहा मिळाला पाहिजे, असा मी माणूस आहे, अशा अर्थाचं काहीतरी तिला ऐकवतो. आणि ती मुलगी? ती चिडत नाही. एवढ्या आरडाओरड्यातून तिला एकच गोष्ट कळते, की हा माणूस फार दुःखी आहे. ती त्याला जवळ घेते. याला ते सोसत नाही. ती निघताना तो तिच्या मुठीत पाच रूबलची नोट कोंबतो. ती गेल्यावर बघतो, तर टेबलावर चुरगळलेली नोट पडलेली आहे.

त्या नोटेबद्दल तो पुष्कळ बोलतो. पण लिझा एक शब्द बोलत नाही, आणि पुस्तकातली शेवटची बाजू ती जिंकून जाते. दोस्तोयेव्स्कीची करामत ती इथे. सगळं पुस्तक ‘मी’च्या तोंडून आहे. दुसऱ्या कुणाला बोलायची संधी नाही. तरीसुद्धा त्या बडबड्याच्या पाठीमागे, त्याच्या नकळत, एक दुसरं माणूस पूर्ण उभं राहिलं आहे.

यावरून मी एक साधी कसोटी काढली आहे. पुस्तक ‘मी’चं असलं की नायक चांगला का वाईट हे विचारीत बसायचं नाही. विचारायचं एवढंच, की चहा कोण आणतं? या माणसाचे कपडे कोण धुतं, त्याची उधारी कोण भागवतं, तो रात्री उशिरा आल्यावर दार कोण उघडतं? आणि दार उघडणाऱ्या त्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसतो का? दिसत असेल तर पुस्तक खरं. मग ‘मी’ कितीही नालायक असो. दिसत नसेल, नुसता कपच तेवढा पुढे येत असेल, तर तो आत्मशोध नव्हे, आरसा पुसण्याचा कार्यक्रम.

या कसोटीवर अगदी झळझळीत उतरणारं एक पुस्तक इटालियन आहे. ‘झेनोची सदसद्विवेकबुद्धी’ असं त्याचं नाव मराठीत करावं लागेल. करू नये, पण करावं लागेल. लेखक इटालो स्वेवो. हे टोपणनाव. खरं नाव एत्तोरे श्मिट्झ. ट्रिएस्ट बंदरातले हे गृहस्थ सासऱ्यांच्या कारखान्यात काम करीत. तिथे जहाजांच्या बुडाला लावायचा रंग तयार व्हायचा. आधी दोन कादंबऱ्या लिहिल्या, १८९२ला आणि १८९८ला. कुणी विचारलं नाही. धंद्यासाठी इंग्रजी हवं म्हणून शिकवणी लावली, तर मास्तर कोण मिळाला? जेम्स जॉइस! मास्तरने शिष्याच्या कादंबऱ्या वाचून पाठ थोपटली. पंचवीस वर्षं गप्प बसलेल्या या रंगवाल्याने १९२३ साली स्वतःच्या खर्चाने ‘झेनो’ छापलं, आणि जॉइसने पॅरिसमध्ये चार जाणत्यांना ते वाचायला लावलं. शिकवणीची फी एवढी वसूल झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

झेनो कोझिनी हा श्रीमंत बापाचा मुलगा. बापाने मरताना धंदा मुलाच्या हाती न देता मुनिमाच्या हाती दिला, यावरून बापाला माणसांची पारख होती हे दिसतं. झेनोला सिगारेट सोडायची आहे. आयुष्यभर तो ‘शेवटची सिगारेट’ ओढतो. तारखेला काही अर्थ हवा म्हणून अंक जुळणाऱ्या तारखा शोधतो. विद्यार्थिदशेत खोलीच्या भिंती या तारखांनी एवढ्या भरून टाकतो, की खोली सोडताना भिंतींना पदरच्या पैशाने नवा कागद लावून द्यावा लागतो. शेवटी कोंडून घेण्यासाठी तो एका इस्पितळात दाखल होतो आणि त्याच रात्री पहारा करणाऱ्या बाईला ब्रँडी पाजून पळून येतो. हे सगळं तो आपल्या मानसोपचार-डॉक्टरच्या सांगण्यावरून लिहीत असतो. आणि डॉक्टर? पेशंट उपचार अर्धवट टाकून गेला म्हणून सूड घ्यायला डॉक्टरने ते छापलं, असं प्रस्तावनेतच सांगितलं आहे. वर तो म्हणतो, परत उपचाराला येत असेल तर नफ्यात वाटा देईन.

आता लग्नाची गोष्ट. मालफेंती नावाच्या व्यापाऱ्याला चार मुली. आडा, ऑगुस्टा, आल्बेर्टा, आन्ना. सगळ्या ‘आ’च्या बाराखडीतल्या. झेनोचा डोळा देखण्या आडावर. ऑगुस्टा दिसायला बेताची, डोळ्यांत थोडा तिरळेपणा. एका संध्याकाळी झेनो आडाला मागणी घालतो. ती नाही म्हणते. तो तिथल्या तिथे आल्बेर्टाला विचारतो. तिला शिकायचं आहे. तीही नाही म्हणते. मग तो ऑगुस्टाला विचारतो, आणि वर तिला सांगतोसुद्धा, की त्या दोघींना आधी विचारून झालं आहे! आमच्याकडे कांदेपोहे खाऊन थोरलीऐवजी धाकटी पसंत करणारे महाभाग होऊन गेले, पण एका पोह्यांत तीन मागण्या हा विक्रम ट्रिएस्टचाच.

ऑगुस्टा हो म्हणते. तुम्हाला तुमच्यासाठी जगणारी बायको हवी आहे, आणि ती व्हायची माझी इच्छा आहे, असं काहीसं सांगते.

इथपर्यंतचं मी आमच्या हिला वाचून दाखवलं. माझी समजूत, की ही हसेल. ही हसली नाही. गवार निवडता निवडता म्हणाली, “अहो, तिला सगळं ठाऊक होतं की.”

“कुणाला?”

“त्या ऑगुस्टाला. तो कसा आहे, कुणामागे आहे, सगळं. तरी तिने हो म्हटलं. त्याला वाटतंय की आपण फसलो. फसला नाही तो. त्याला निवडलं गेलं.”

पन्नास-शंभर पानं पुढे गेलो आणि तेच खरं निघालं. झेनोचा संसार सुखाचा होतो. त्याला स्वतःलाच त्याचं नवल वाटतं. तो ऑगुस्टाकडे बघत राहतो. तिला घर आवडतं, जेवणाच्या वेळा आवडतात, रविवार आवडतो. हा म्हणतो, ही केवढी निरोगी! आणि मग तिच्या निरोगीपणाची तो चिकित्सा करू लागतो, जणू काही तो एखादा आजार आहे. पुढे हे महाशय एका गाणाऱ्या मुलीच्या नादी लागतात. तिथेही तोच क्रम, ही शेवटची भेट, ही खरोखर शेवटची. सिगारेटसारखंच. ऑगुस्टाला याची भनकही नाही, असं झेनो सांगतो. नसेलही. पण या माणसाला दुसऱ्याच्या मनातलं फारसं कळत नाही, एवढं आपल्याला एव्हाना कळलेलं असतं. म्हणून तो ‘तिला माहीत नव्हतं’ म्हणतो त्या प्रत्येक ठिकाणी आपण थबकतो आणि पानाच्या पलीकडे ऑगुस्टाचा चेहरा शोधू लागतो.

या पुस्तकात दोन प्रसंग असे आहेत, की हसणं घशात अडकतं. एक बापाच्या मृत्यूचा. डॉक्टरने सांगितलं आहे म्हणून झेनो बापाला बिछान्यात दाबून धरतो. बाप धडपडून उठतो, हात उचलतो, आणि मुलाच्या गालावर थप्पड बसते. त्याच क्षणी बाप कोसळतो, तो जातोच. ती शिक्षा होती, का मरणाऱ्या हाताची नुसती हालचाल? झेनो आयुष्यभर स्वतःची वकिली करतो. दुसरा प्रसंग आडाच्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेचा. मेव्हण्याचे बुडालेले पैसे शेअरबाजारात भरून काढण्याच्या गडबडीत झेनो उशिरा पोचतो आणि भलत्याच प्रेतयात्रेमागून चालू लागतो! तो म्हणतो, चूक झाली. आडा म्हणते, तुझं त्याच्यावर कधी प्रेमच नव्हतं. दोघांचंही खरं असू शकतं, आणि लेखक मध्ये पडत नाही. ‘मी’ला बोलू द्यायचं, पण त्याला जिंकू द्यायचं नाही, हे ज्याला साधलं तो या प्रकारातला उस्ताद.

उलट बाजूला रूसो. त्याचा कबुलीजबाब कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे. त्याच्या मृत्यूनंतर १७८२ पासून छापलं गेलं. पण या सगळ्या ‘मी’ लोकांचे आजोबा तेच. तरुणपणी एका घरात नोकरीला असताना रूसोने एक रिबन चोरली. पकडला गेल्यावर मारियाँ नावाच्या मोलकरणीचं नाव पुढे केलं; तिने मला दिली म्हणाला. दोघांनाही काढून टाकलं. रूसो सांगतो, की या आठवणीने मला जन्मभर छळलं. छळलंही असेल. पण मारियाँचं पुढे काय झालं, चोरीचा डाग घेऊन ती कुठे गेली, तिला कुणी कामाला ठेवलं का, हे त्या जाडजूड ग्रंथात नाही, कारण रूसोलाच ते माहीत नव्हतं. पश्चात्तापाची पानं आहेत, पण मारियाँचा पत्ता नाही! पोटची पाच मुलं त्याने अनाथालयात दिली. त्याबद्दलही युक्तिवाद आहे, मुलांचे चेहरे नाहीत. चहा आला, प्याला गेला, आणणारी दाराआडच राहिली.

आपल्या काळात नॉर्वेच्या कार्ल उवे क्नाउसगार्डने २००९ ते २०११ या तीन वर्षांत सहा खंडांत स्वतःचं आयुष्य मांडलं. बाप, आजी, बायका, मुलं, सगळी त्यात आली. वडिलांकडचे नातेवाईक कोर्टाची भाषा करू लागले. म्हणजे चहा आणणारी मंडळी हल्ली वकिलाला घेऊन येतात. यात गैर काही नाही, पण त्याच्या पहिल्या खंडात बाप वारल्यावर दोघे भाऊ आजीचं घाणीने भरलेलं घर दिवसचे दिवस घासून काढतात, ते वाचताना मला वाटलं, की इथे हा माणूस स्वतःकडे बघायचं काही वेळ विसरला आहे, आणि म्हणून इथेच तो सगळ्यांत चांगला दिसतो.

आणि आपला पांडुरंग सांगवीकर? भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या होस्टेलांतून ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ या दोन शब्दांचा खप एकदम वाढला. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला हा मुलगा. बापाचे पैसे उडवतो, मेसच्या हिशेबात फसतो, परीक्षेत आपटतो, आणि जो दिसेल त्याला मनातल्या मनात निकालात काढतो. हेडमास्तरांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं यात शंका नाही. पण याच पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. तिथे त्याचा नेहमीचा टवाळीचा सूर टिकत नाही. ज्याने सगळ्या जगाला किरकोळीत काढलं, त्याला एक एवढीशी पोर किरकोळीत काढता येत नाही. मनी पुस्तकात थोडीच आहे, पण पुस्तक मिटल्यावर मला आधी ती आठवते, मग पांडुरंग. या एका गोष्टीसाठी त्याला वर्गात परत घ्यावं, असं मी हेडमास्तरांना सुचवलं आहे. निर्णय प्रलंबित आहे.

या कहाणीला एक साठा उत्तराचा भागही आहे. चहा आणणाऱ्यांनी पुढे लिहायला घेतलं! दोस्तोयेव्स्कीची दुसरी बायको आन्ना ही मुळात त्याची लघुलेखिका. १८६६ साली तिने त्याची एक अख्खी कादंबरी महिन्याच्या आत उतरवून घेतली आणि त्याला प्रकाशकाच्या तावडीतून सोडवलं. तिच्या आठवणी तिच्या पश्चात १९२५ साली आल्या. स्वेवोची बायको लिव्हिया हिनेही नवऱ्याच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं. ते १९५० साली निघालं. आणि आपल्याकडे तर १९३०च्या दशकातच लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आली. नवरा कवी, भडक डोक्याचा, उदार, केव्हा घर सोडून जाईल याचा नेम नाही. १८९५ साली ख्रिस्ती झाला आणि हिच्या पायाखालची जमीन सरकली. या बाईने कैफियत मांडायची ठरवली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. तिने काय केलं? ती हसली. नवऱ्याला हसली, त्याहून जास्त स्वतःला हसली, आणि दोघांनाही असं उभं केलं की टिळकांचा राग येतो आणि माणूसही आवडतो. ‘मी’ने सांगितलेल्या गोष्टीत दुसऱ्याला एवढी ऐसपैस जागा दिलेली फार थोड्या ठिकाणी सापडेल.

तेव्हा यातून घेण्यासारखं काय, याचं माझं उत्तर असं आहे. आत्मकेंद्री माणसाचं चांगलं पुस्तक वाचताना आपल्याला एक सवय लागते. बोलणाऱ्याचं ऐकता ऐकता न बोलणाऱ्याकडे बघायची. ही सवय पुस्तकाबाहेरही उपयोगी पडते. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात, रविवारी आलेल्या पाहुण्यांत एखादा ‘मी’ रंगात आला, की त्याच्याशेजारी गप्प बसलेल्या माणसाकडे बघावं. खरी कादंबरी तिथे चालू असते.

आणि ज्यांना एवढं जमणार नसेल त्यांनी निदान कप उचलून मोरीत नेऊन ठेवावा. एवढ्यासाठी दोस्तोयेव्स्की वाचायची गरज नाही.